ऐरोलीची रोहितफेरी: तिकीट काढण्याआधी तिथी बघा

ऐरोलीहून ठाण्याच्या खाडीत होडीने रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला नेतात. या खाडीफेरीबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. एक जण सांगतो, हजारो रोहित, पार होडीच्या बाजूला, पैसे वसूल. दुसरा कुरकुरतो, तासभर उन्हात बसलो, लांब कुठेतरी गुलाबी रेघ होती म्हणे, आणि आलो परत. दोघंही खरंच बोलत असतात. होडी तीच, ती चालवणारा तांडेल तोच, अंगावरची लाइफ जॅकेटंही तीच. दोघांच्या फेरीत पाणी तेवढं वेगळं होतं.

ठाण्याची खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. रोहित इथे येतात ते चिखलावर चरायला. त्यामुळे फेरी साधली की फसली, हे त्या तासाला खाडीत किती चिखल उघडा होता यावर ठरतं. होडी, माहिती देणारा, चहापाणी या गोष्टी त्याच्या नंतरच्या.

फेरी चालवतं ते किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ऐरोली पुलाच्या नवी मुंबईकडच्या टोकाला, दिवा गावाजवळ. वनविभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाने ते २०१७ मध्ये सुरू केलं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. बुकिंग ऑनलाइन होतं आणि शनिवार-रविवारच्या जागा सगळ्यात आधी भरतात. ट्रान्स-हार्बरच्या ऐरोली स्टेशनवर उतरून रिक्षा करता येते. मुलुंडहून येणाऱ्याला पूल उतरला की केंद्र. हाताशी वेळ ठेवून पोहोचा, कारण पाणी उशिरा आलेल्यांसाठी थांबत नाही आणि होडी पाण्याच्या तालावर चालते.

फेरीच्या वेळा रोज बदलतात. आज सकाळी सातची असेल तर परवा साडेआठची. याबद्दल पुष्कळ जण नाराज असतात, ‘एक ठराविक वेळ ठेवायला काय जातं?’ म्हणतात. आमच्या मते या सेवेतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच. खाडीवर जो कोणी रोज ठरल्या ठोक्याला होडी सोडतो, तो महिन्यातले निम्मे दिवस लोकांना नुसतं पाणी दाखवून आणतो.

आता तिथीचं गणित. कोकण किनाऱ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. दिवसाची भरती आणि रात्रीची भरती, दोन्हींना तोच. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर अर्ध्या तासाचा फरक निघू शकतो, आणि बंदरातून आत चढत पाणी ऐरोलीपर्यंत यायला आणखी थोडा वेळ घेतं. तरी घरबसल्या दिवस निवडायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

पूर्ण भरतीला फेरी घेऊ नये. चिखल बुडतो, चरायला जागा उरत नाही, आणि थवे उठून नेरूळची तळी, भांडुपच्या मागची पाणथळ, जुनी मिठागरं अशा ठिकाणी जाऊन एका पायावर उभे राहतात. पूर्ण ओहोटीलाही घेऊ नये. तेव्हा चिखल एवढा पसरतो की होडीला मधल्या खोल पाण्यातूनच जावं लागतं आणि पक्षी पार पलीकडे तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कडेला पांगलेले असतात. जेट्टीजवळच्या अरुंद पाण्यात तर होडी तरंगायची पंचाईत. साधायची ती मधली वेळ, पूर्ण भरतीच्या आधीचे तीन ते दोन तास. चढतं पाणी चिखल कडेकडेने गिळत येतं, पक्षी पाण्याच्या पुढेपुढे सरकत एकमेकांना खेटून दाट होतात, आणि होडीला त्यांच्या दिशेने जाण्याइतकी खोली मिळत जाते.

उतरत्या पाण्यातही पक्षी दिसतात, पण तिथे तांडेल हात राखून चालवतो आणि त्याचं बरोबरच आहे. चढत्या पाण्यात होडी गाळात टेकली तर दहा-पंधरा मिनिटांत पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसा. तेव्हा ‘अजून जरा जवळ घ्या ना’ म्हणण्याआधी पाणी चढतंय की उतरतंय ते विचारावं. पुलाच्या खांबावर ओला पट्टा पाण्याच्या वर दिसत असेल तर पाणी उतरतं आहे. खांब पाण्यालगत कोरडा असेल तर चढतं आहे. पाणी न विचारताही हे सांगतं.

सकाळची फेरी हवी असेल तर त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या बघा. भरती पावणेदहा ते सव्वाअकराची, म्हणजे फेरी सात ते नऊच्या दरम्यान; ऊन कोवळं, उजेड चांगला. प्रतिपदा-द्वितीयेला भरती दुपारी पाऊण-दीडला, म्हणून फेरी दहा-अकराच्या सुमाराची. तीही चांगलीच, फक्त टोपी विसरू नका. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी; पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे तो सगळ्यात जास्त. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि उतरतंही खूप खाली. भांगाला ते तीन-साडेतीन मीटरपर्यंतच चढतं आणि अर्धवटच उतरतं. चिखल धड उघडत नाही, धड बुडत नाही, पक्षी विखुरलेले राहतात. पहिलीच वेळ असेल तर हे दोन-तीन दिवस सोडून द्या. उधाणात एक मेख आहे. पाणी झरझर चढतं, त्यामुळे ऐन मोक्याची वेळ लवकर सरते. मंडळींपैकी दोघं स्टेशनवर वडापाव खात राहिली तर सगळ्यांचे पक्षी गेले असं समजा.

महिना कोणता? पक्षी नोव्हेंबरपासून यायला लागतात, कच्छच्या रणाकडून आणि गुजरातेतल्या इतर पाणथळींवरून. सुरुवातीच्या थव्यांत राखाडी-मळकट रंगाची पिल्लं बरीच असतात. ‘हे आजारी आहेत का?’ असं होडीत हमखास कोणीतरी विचारतं. रंग खाण्यातून येतो, जन्मतः नसतो, आणि तो भरायला वेळ लागतो. संख्या आणि रंग दोन्ही हवे असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. मेमध्ये पक्षी सगळ्यात लालबुंद दिसतात, पण होडीत बसवत नाही.

दोन जातींतला फरक आधी समजून गेलात तर फेरीची गोडी दुप्पट होते. मोठा रोहित सव्वा ते दीड मीटरच्या घरात उंच, अंग पांढुरकं, चोच फिक्या गुलाबी रंगाची आणि फक्त टोकाला काळी. छोटा रोहित त्याच्या खांद्याला लागेल एवढा, ८० ते ९० सेंटिमीटर, अंगाने गडद गुलाबी, आणि चोच इतकी गर्द किरमिजी की लांबून सगळी काळीच वाटते. ठाण्याच्या खाडीत बहुसंख्य ते हे छोटे. दोघं एकाच चिखलात उभे राहतात, पण ताट वेगळं. मोठा रोहित गाळातले किडे, बारीक कवचधारी जीव, गोगलगायी गाळून खातो. छोट्याची चोच त्याहून बारीक जाळीची. तो निळं-हिरवं शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे शैवालकण खातो.

दुर्बीण एका पक्ष्यावर स्थिर करून दोन मिनिटं बघा. मान खाली जाते, डोकं पुरतं उलटं होतं, म्हणजे वरची चोच खाली आणि खालची वर. मग चोच पाण्यात डावी-उजवी फिरू लागते, झाडू मारावा तशी. आत जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होत असते. पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडांच्या जाळीतून बाहेर ढकलायचं, अडकलेलं गिळायचं. मोठा रोहित अधूनमधून जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतो, गाळ ढवळून वर आणायला. ओहोटीच्या चिखलावर त्या फेऱ्यांची गोल वळी उमटलेली दिसतात. हे दिसलं तर फेरी वसूल, मग थवा शंभराचा असो की दहा हजारांचा.

होडीत बसल्या बसल्या पहिला वास येतो तो सडक्या अंड्यांचा, आणि सगळे नाक मुरडून नाल्याला दोष देतात. नाल्याचा वाटा आहेच, त्यावर पुढे येतो. पण हा विशिष्ट वास चिखलाचा स्वतःचा आहे. वरचा बोटभर थर हिरवट-तपकिरी, जिवंत, शेवाळाने माखलेला. त्याखाली चिखल काळाकुट्ट, कारण तिथे हवा पोहोचत नाही. प्राणवायूविना जगणारे जिवाणू कुजका पाला फोडतात आणि त्यातून गंधकाचा वायू सुटतो. वरचा थर रोहितांचं ताट, खालचा थर त्या ताटाचं स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात वास यायचाच.

होडीआधीचा अर्धा तास तिवरांतल्या पायवाटेवर घालवा. बरेच जण ती भराभर ओलांडतात, आणि तिथेच चूक करतात. तिवराचं एक पान, न तोडता, मागून बघा: पांढुरकी लव, आणि कोरड्या दिवशी त्यावर मिठाचे कण. खारं पाणी पिऊन झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. खाली चिखलातून बोटांएवढी उभी टोकं वर आलेली दिसतात, ती त्याची श्वासमुळं. हवा नसलेल्या चिखलात मुळांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं. त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी अडकून बसली की तेवढा भाग गुदमरतो, इतकं साधं गणित आहे. जरा थांबलात तर निवट्या दिसतील, मासा असून चिखलावर उड्या मारणाऱ्या, डोळे डोक्यावर बसवलेल्या. नर पाठीवरचा पर झेंड्यासारखा उभारून एकमेकांवर धावून जातात. लहान मुलांना रोहितांपेक्षा हाच कार्यक्रम जास्त आवडतो, तेव्हा त्यांना घाई करू नका. कांदळवनात कोल्हेही आहेत, ते बहुधा तिन्हीसांजेला ऐकू येतात.

होडी सुटली की पुलाखालून दक्षिणेला, वाशीच्या दिशेने जाते. उजव्या हाताला मुंबई: भांडुप, कांजूर, विक्रोळीची तिवरं, मागे मिठागरं आणि कांजूरच्या कचराभूमीचा डोंगर. डाव्या हाताला नवी मुंबई आणि तिच्या पाठीमागे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. डोक्यावरून विजेच्या उच्चदाब तारा. पोस्टकार्डावरचा निसर्ग बघायला आलेला इथे खट्टू होतो. होऊ नये, असं दृश्य एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात दुसरीकडे मिळणं कठीण.

या पाण्याचा इतिहास माहिती देणारा सांगेलच असं नाही, म्हणून थोडक्यात. खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. वरच्या टोकाला ठाण्याजवळ ती उल्हास नदीच्या पाण्याशी अरुंद वाटेने जोडलेली आहे, म्हणून तर साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर आहे तो भूभाग, हे बेट. ठाण्याचं वैभव शिलाहारांच्या काळापासून याच पाण्यावर उभं होतं. पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला आणि साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतली, तीही खाडी ओलांडूनच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे खाडी होती. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये पूल झाला तेव्हा ती कल्याणला गेली. खाली वाशीचा रस्ता-पूल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, रेल्वेचा १९९२ चा, ऐरोलीचा १९९९ चा. प्रत्येक पुलाचे खांब पाण्याचा वेग थोडा तोडतात, त्यांच्यामागे गाळ बसतो. गाळ बसला की चिखल उंचावतो, त्यावर तिवर चढतं, आणि मधला खोल पट्टा आणखी बारीक होतो. रोहितांना हे मानवलं, मासेमारीच्या होडीला नाही.

रोहित मुंबईत मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकात, आधी शिवडीला. २०१९ च्या गणनेत आकडा लाखाच्या पुढे गेला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला, ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं. त्याआधी २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी घातली, २०१८ मध्ये ती कायम केली आणि भोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं. आज होडीतून जी सलग हिरवी भिंत दिसते तिच्यामागे हे कागद आहेत.

आता नाला. हे पक्षी इथे का आले, याचं गुळगुळीत उत्तर ‘शांत, सुरक्षित अधिवास’ असं दिलं जातं. ते अर्धंच आहे. दोन्ही शहरांचं सांडपाणी या खाडीत उतरतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, आणि छोटा रोहित नेमकं तेच खातो. म्हणजे आपण मोबाइलमध्ये टिपतो ती गुलाबी चादर काही अंशी आपल्याच मोऱ्यांवर पोसलेली आहे. यात पक्ष्यांचा काही दोष नाही, पण ‘रोहित आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली’ हा निष्कर्ष काढू नये. शेवाळ जरा जास्तच माजलं, किंवा पाण्यात कारखान्याचं काही उतरलं, तर हेच ताट विषाचं होऊ शकतं. माहिती देणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा. चांगला असेल तो टाळत नाही, आणि त्याच्या उत्तरावरून त्याची पारख होते.

या खाडीवर कधीपासून राहणारे कोण, हेही फेरीत ऐकायला हवं. चेंदणी, दिवा, घणसोली, वाशीगाव, पलीकडे ट्रॉम्बे, माहुल. कोळी आणि आगरी गावं. आगरी म्हणजे मुळात आगर पिकवणारे. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, आणि पाऊस येण्याआधी मीठ ओढून काढायचं; तेही तिथीच्याच हिशोबावर. कोळ्यांना ही खाडी बोईट, कोळंबी, शिंगाळा, चिंबोरी द्यायची, आणि नशीब असेल तर जिताडा. जिताडा घरी आला की पाहुण्याला बोलावणं जातं. ओहोटीला पाग फेकणारा माणूस आजही होडीतून दिसेल: कडेला शिसाचे मणी लावलेलं गोल जाळं खांद्यावरून भिरकावलं की हवेत ताटासारखं उघडतं. आता जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त, ही त्यांची तक्रार खोटी नाही. राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेतून खेकडापालन, पिंजऱ्यात जिताडा असे प्रयोग झाले आहेत, आणि हंगामात काही घरांना पक्षी दाखवण्याचं काम मिळतं. पण हंगाम सहा-सात महिन्यांचा, आणि चूल बारा महिन्यांची. फेरीत स्थानिक तरुण तांडेल किंवा वाटाड्या असेल तर त्याला पक्ष्यांबरोबर माशांबद्दलही विचारा. पक्ष्यांची माहिती पुस्तकात मिळते, ‘भांगाला चिंबोरी कुठल्या बिळात सापडते’ हे तिथेच.

होडी चांगली चालवली जाते आहे की नाही, याची खूण सोपी आहे. थव्यापासून बरंच अलीकडे इंजिनाचा आवाज उतरला पाहिजे आणि शेवटचा टप्पा होडीने तरंगत काढला पाहिजे. चरणाऱ्या पक्ष्यांच्या माना खाली असतात. त्या एकेक करून वर यायला लागल्या की जास्त जवळ आलो. सगळे एकाच दिशेला चालायला लागले की मागे व्हायची वेळ झाली. थवा उडाला तर फेरी बिघडली, फोटो कितीही छान आला तरी. मार्च-एप्रिलमध्ये हे पक्षी परतीच्या लांब उड्डाणासाठी चरबी साठवत असतात. दर तासाला एका होडीने उडवलं तर जमवलेलं खर्च होतं. खाडीत खासगी होड्याही फिरतात आणि त्यातल्या काही ‘उडवून दाखवतो’ असं सांगून गिऱ्हाईक घेतात. अशांत बसू नये. ‘उडवा ना, व्हिडिओ काढायचाय’ म्हणणारा बहुतेक वेळा आपल्याच बाकावर असतो, त्यालाही गप्प करावं.

जागेचं आणि उजेडाचं बोलायचं तर सकाळी सूर्य ऐरोलीच्या बाजूला असतो, म्हणून भांडुपकडच्या चिखलावरचे पक्षी समोरून उजळलेले मिळतात. संध्याकाळी तेच काळ्या आकृत्या होतात, आणि ऐरोलीकडचे उजळतात. फेरी सकाळची असेल तर जाताना होडीच्या उजव्या बाजूला बसा. दुर्बीण ८×४२ ची पुरे. दहापटीची हलत्या होडीत थरथरते. कॅमेऱ्याला ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स लागते, शटर एक हजारांशच्या वर ठेवा. मोबाइलने पक्ष्यांचे फोटो काढण्याचा हट्ट सोडून चिखलाचे, पुलाचे, तिवरांचे काढा, ते सुरेख येतात. होडीत शौचालय नाही, तेव्हा निघण्याआधीच उरकून घ्या. लाइफ जॅकेट घालावंच लागतं, त्यामुळे मानेभोवती कॅमेरा, पाण्याची बाटली आणि ओढणी असा गुंता आधी सोडवा. पाणी शांत असतं, होडी लागण्याचा त्रास सहसा होत नाही. आजी-आजोबांना होडीत चढता-उतरताना हात द्या. पाणी खाली असेल तर जेट्टी आणि होडी यांच्यात उंचीचा बराच फरक पडतो.

नुसते रोहित मोजून परत येऊ नका. या खाडीच्या परिसरात पक्ष्यांच्या दोनशेहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. रोहितांच्या पायाशी लांब सरळ चोचीचे मळगुजे, लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, बारक्या टिलव्यांचे थवे, पलीकडे चित्रबलाक. हिवाळ्यात कुरव होडीच्या मागे मागे येतात. त्यांना शेव-फरसाण टाकू नका. त्यांना ते पचत नाही, आणि भारताबाहेरून मासे खायला आलेल्या पाहुण्याला आपण तळणाची सवय लावतो.

खाण्याचं म्हणाल तर ऐरोली-घणसोलीकडे तांदळाची भाकरी, चिंबोरीचं कालवण, सुकी कोळंबी असं आगरी-कोळी जेवण मिळतं, फेरीनंतर जरूर घ्या. कालवं-शिवल्यांचं एक जपा: त्या पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातलं नको ते सगळं त्यांच्यात साठतं. या खाडीतल्या म्हणून कोणी देऊ केल्या तर नको म्हणा.

पाचपैकी गुण द्यायचेच तर उधाणाच्या चढत्या पाण्यातल्या सकाळच्या फेरीला साडेचार. अर्धा कापला तो माहितीत पाण्याबद्दल आणि गावांबद्दल कमी सांगितलं जातं म्हणून. त्याच होडीला, त्याच पैशांत, अष्टमीच्या दुपारी अडीच.

तिथी जुळत नसेल आणि सुट्टी तेवढीच असेल तर फेरीचा हट्ट सोडा, पक्षी दुसरीकडे गाठता येतात. ऐन भरती असेल तर नेरूळ. पाम बीच रस्त्यालगतच्या तळ्यांवर तेव्हा खाडीतून उठलेले थवे विसाव्याला येतात, काठावरून दिसतात, तिकीट नाही. या तळ्यांत भरतीचं पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या असल्या तरच हे जमतं. वाट बुजली की तळं वर्षा-दोन वर्षांत सुकतं आणि थव्यांना ऐन भरतीला टेकायला जागा राहत नाही. ही ये-जा रात्रीही चालते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाला थवा धडकून ३९ रोहित मेले. त्या दिवशी वैशाख शुद्ध द्वादशी होती; पाऊणपट करून बघा, पूर्ण भरती नवाच्या सुमाराची, आणि अपघातही त्याच सुमाराचा.

दुसरी जागा शिवडी. हार्बरचं शिवडी स्टेशन, तिथून पूर्वेला बंदराच्या हद्दीतल्या टँकर-ट्रकच्या रस्त्याने जेट्टी, चालत वीसेक मिनिटं. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू इथूनच समुद्रात शिरतो, त्यामुळे जुन्या फोटोंतलं मोकळं आकाश आता नाही, पण चिखल आहे आणि पक्षीही येतात. इथेही वेळ तीच, पूर्ण भरतीच्या आधी तीन ते दोन तास; पाणी थव्याला जेट्टीकडे ढकलत आणतं आणि तुम्ही जागचे हलायची गरज पडत नाही. हलूही नका. जेट्टीच्या कडेचा चिखल वरून सुकून फरशीसारखा दिसतो, फोटोसाठी दोन पावलं पुढे टाकावीशी वाटतात. पाय गुडघ्यापर्यंत जातो, पाय वर येतो, बूट येत नाही. आणि बूट काढायला वाकलं की हातही कोपरापर्यंत जातो.